साडेतीन ग्रॅमच्या आमिषासाठी कोणते रीळ? उरमोडीच्या काठावर वर्षभर वापरलेल्या दोन जोड्या

हलके आमिष, बारीक दोरा आणि संथ हालचाल यांवर चालणारी मासेमारी करायची असेल आणि हाताशी एकाच जोडीपुरते पैसे असतील, तर स्पिनिंग रीळ (फेकताना ज्याचे दोऱ्याचे चाक स्थिर राहते) आणि त्याचा रॉड घ्यावा, बेटकास्टर (ज्याचे चाक फेकताना स्वतः फिरते) घेऊ नये, हे माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. दोन्ही जोड्या मी पदरचे पैसे घालून घेतल्या आणि साताऱ्याजवळ परळीच्या बाजूने उरमोडी जलाशयावर, कण्हेरच्या पाण्यावर आणि संगम माहुलीच्या खाली कृष्णेच्या डोहांत जवळपास वर्षभर आलटून पालटून वापरल्या. पहिल्यांदा मी नेमकी चुकीची जोडी घेतली आणि त्या चुकीत एक अख्खा उन्हाळा गेला. तसाच उन्हाळा आणखी कोणाचा जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ज्या पद्धतीला 'फिनेस' म्हणतात ती मुळात बास माशासाठी घडली. ब्लॅक बास हा उत्तर अमेरिकेतला मासा. १९२५ साली तो जपानच्या आशी सरोवरात सोडण्यात आला आणि पुढे या दोन्ही ठिकाणी त्याच्या मागे लागलेल्या हौशी लोकांची संख्या इतकी वाढली, की मासा मोठ्या, खडखडणाऱ्या आमिषाला बिचकू लागला. त्यावर उपाय म्हणून दीड ते सात ग्रॅमची मऊ रबरी आमिषे, नजरेला सहज न दिसणारा दोरा आणि ओढण्यापेक्षा थांबण्यावर भर देणारे प्रकार पुढे आले. नेड रिग म्हणजे अळंबीच्या टोपीसारखे शिशाचे डोके आणि त्यावर बोटाएवढा मऊ तुकडा. ड्रॉप शॉट म्हणजे शिसे तळाला आणि गळ त्याच्या वर वीत-दीड वीत अंतरावर तरंगता. आपल्या नद्यांत बास नाही. पण दिवाळीनंतर गढूळपणा बसून पाणी निवळले, की उरमोडीतली चिलापी आणि कडेच्या गवतातली मरळ तितकीच सावध होतात आणि तेव्हा ही पद्धत आपल्याकडेही उपयोगी पडते, हा माझा अनुभव आहे.

व्हिडिओंमध्ये बासच्या स्पर्धा पाहून मी पहिली जोडी मागवली ती बेटकास्टरची. दुकानाचे नाव मी येथे लिहीत नाही, पण त्यांच्या पानावर 'फिनेससाठी उत्तम' असे ठळक लिहिलेले होते, मी फोन करून साडेतीन ग्रॅमचे आमिष टाकायचे आहे असे स्पष्ट सांगितले होते, आणि 'निर्धास्त घ्या साहेब, याच्यावर सगळे चालते' असे उत्तर मिळाले होते. रॉड घरी आला तेव्हा मुठीच्या वर १० ते ३० ग्रॅम असे छापलेले आढळले. त्या आकड्यांचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. त्या रॉडने नीट फेकता येणाऱ्या आमिषाचे ते वजन असते, हे परत पाठवण्याची मुदत संपल्यावर कळले, आणि दुकानाने त्यानंतर फोन उचलला नाही. ज्याला या विषयातले काही ठाऊक नाही अशा ग्राहकाला सात दिवसांत आपली चूक कशी समजावी, हा प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

आता दोष नेमका कुठे होता ते सांगतो, कारण ते रीळ वाईट नव्हते. ते वेगळ्या कामाचे होते. बेटकास्टरमध्ये दोरा ज्यावर गुंडाळलेला असतो ते स्पूल आडवे असते आणि फेकताना ते स्वतः फिरते. म्हणजे हवेत जाणाऱ्या आमिषाला आधी त्या स्पूलला जागचे हलवावे लागते, त्याला वेग द्यावा लागतो आणि मग उरलेल्या जोरावर पुढे जावे लागते. आमिष वीस ग्रॅमचे असेल तर ते हे काम सहज करते. साडेतीन ग्रॅमचे असेल तर स्पूल आणि त्यावरचा दोरा यांचेच वजन आमिषाच्या कितीतरी पट असते. आमिष ओढून ओढून दमते आणि पंधरा पावलांवर पाण्यात पडते. ते लांब जावे म्हणून ब्रेक सैल करावा आणि मनगटाला झटका द्यावा, तर याच्या उलट घडते: स्पूल एकदा वेगात आले की थांबत नाही, आमिष मात्र हवेत मंदावते, आणि आमिषाने मागितला नाही इतका दोरा स्पूल सोडत राहते. ज्यांनी संक्रांतीला पतंगाची फिरकी धरली आहे त्यांना हे चटकन समजेल. पतंग ढिला पडला आणि फिरकी हातात गरगरत राहिली, की मांजाचे जे होते तेच येथे दोऱ्याचे होते.

असा गुंता उरमोडीवर मला पहिल्याच दिवशी पडला. उन्हाळ्यात दुपारी चारनंतर तेथे पश्चिमेकडून वारा सुटतो. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात तोच हा वारा. मी पूर्वेच्या काठावर त्याच्याकडे तोंड करून उभा होतो. आमिष हवेत निम्म्या वाटेवर थबकल्यासारखे झाले आणि अंगठ्याखाली दोरा फुगून वर आला. वरवर पाहता ती दोन-चार सैल कडी वाटत होती. ती बोटाने उचलली तर खालच्या थरांतून दुसरी कडी येत होती, तिच्या पोटातून तिसरी, आणि एक दोरा दुसऱ्याखाली इतका घट्ट रुतला होता की सुईच्या टोकानेही सुटेना. पाऊण तास मी दगडावर बसून तो गुंता सोडवला आणि शेवटी दहा-बारा मीटर दोरा कापून टाकला. जवळच गळ टाकून बसलेले एक वयस्कर मामा बराच वेळ पाहत होते. ते म्हणाले, "दादा, चाकाला फिरायला वजन लागतंय. तुमच्या टोकाला वजनच न्हाई." माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा त्यांच्या या दोन वाक्यांत आला आहे.

बेटकास्टरवर ब्रेक असतात आणि ते नीट लावले तर गुंता टळतो, असे जाणकार सांगतात, ते खरेही आहे. काही रिळांत वेग वाढला की बाहेर सरकून घासणारे लहान ठोकळे असतात, काहींत चुंबक असतात, आणि बाजूला स्पूलचा ताण कमी-जास्त करणारी चकती असते. मी हे सारे शिकलो. चकती अशी लावायची की अंगठा उचलल्यावर आमिष स्वतःच्या वजनाने सावकाश खाली यावे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावे. मात्र साडेतीन ग्रॅमला गुंता होणार नाही इतके ब्रेक लावले, की अंतरच उरत नाही. ही अडचण हाताच्या सवयीची नसून वजनांच्या प्रमाणाची आहे, हे मान्य करायला मला दोन महिने लागले.

दुसरी जोडी घेतली ती शिमानोच्या सेडोना २५०० या स्पिनिंग रिळाची आणि साडेसहा फुटी, मध्यम-हलक्या ताकदीच्या, टोकाशी वाकणाऱ्या रॉडची. रॉडवर १.७५ ते १० ग्रॅम असे छापलेले आहे. स्पिनिंग रिळाचे स्पूल फेकताना जागचे हलत नाही. दोरा त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जातो. या रचनेचा उगम मला फार आवडतो. १९०५ साली इंग्लंडमधील अल्फ्रेड इलिंगवर्थ या कापड गिरणीच्या मालकाने असे रीळ पेटंट केले, आणि गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून सूत जसे अलगद सुटते तेच तत्त्व त्याने येथे वापरले. त्याच्या किती तरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतील केंटकीच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दातेरी चाकांचे, हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलला अनेक फेरे देणारे रीळ बनवले होते, आणि आजचे बेटकास्टर हे त्याचे वंशज आहे. दोन्ही यंत्रे गुणी आहेत. मात्र हलवण्याजोगे काहीच नसल्यामुळे हलक्या आमिषाला गिरणीवाल्याची युक्ती मानवते.

त्याच काठावरून, तोच वारा असताना, तेच साडेतीन ग्रॅमचे आमिष पहिल्या संध्याकाळी आधीच्या दुपटीहून जास्त लांब गेले. अंतरापेक्षाही मला जास्त महत्त्वाचे वाटते ते आमिषाचे बुडणे. बेटकास्टरवर आमिष पाण्यात पडल्यावर ते खाली जाताना स्पूलकडून दोरा ओढून घेऊ शकत नाही, म्हणून ते सरळ न बुडता झोक्यासारखे आपल्याकडे सरकते, आणि गवताच्या कडेला टाकलेले आमिष तळाला टेकेपर्यंत गवतापासून हातभर दूर आलेले असते. स्पिनिंग रिळाची कडी, म्हणजे दोरा अडवणारी तारेची कमान, उघडी ठेवली, की दोरा आपोआप सुटतो आणि आमिष जिथे पडले तिथेच उभे खाली जाते. चिलापी बहुतेक वेळा याच बुडण्यात आमिष उचलते. तिचा हिसका येत नाही. दोरा पाण्यावर जिथे टेकतो तिथे तो तसूभर बाजूला सरकतो, इतकेच दिसते. तेवढ्यावर कडी मिटून, सैल दोरा गोळा करून, रॉड फक्त वर उचलायचा असतो.

दुसरा फरक ड्रॅगचा, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की ठरावीक ताणावर दोरा सोडणाऱ्या चकत्यांचा. माझ्या मुख्य दोऱ्याच्या पुढे जोडलेला फ्लुरोकार्बनचा (पाण्यात कमी दिसणाऱ्या दोऱ्याचा) तुकडा सहा पौंडांचा, म्हणजे सुमारे २.७ किलो ताण सोसणारा आहे. ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर लावावा असा संकेत आहे, म्हणून मी टांगता वजनकाटा दोऱ्याला बांधून तो पाऊण किलोवर लावतो. फेब्रुवारीत परळीच्या बाजूला चिलापीसाठी टाकलेल्या आमिषाला एक मरळ लागली, आणि ती गवतात शिरायला निघाली तेव्हा रिळातून दोरा अडखळता न अडखळता, एकसारख्या कुरकुरत्या आवाजात सुटत गेला. ड्रॅग सुरुवातीलाच क्षणभर चिकटला असता तर तेवढ्यात गाठ तुटली असती. दीड किलोच्या आसपासची ती मरळ पाचेक मिनिटांत काठाला आली आणि गळ काढून तिला मी पाण्यात सोडले.

स्पिनिंगचे दोषही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवेत. त्याचा खरा शत्रू म्हणजे दोऱ्याला पडणारा पीळ. मासा दोरा ओढून नेत असताना घाईने हँडल फिरवत राहिले, तर दोरा आत येत नाही, पण रिळाचे फिरते डोके हँडलच्या दर फेऱ्याला पाच-सहा पीळ मात्र भरते. अशी सवय असलेल्या माणसाचा दोरा एका दिवसात खराब होतो. मासा ओढत असताना हात थांबवायचा आणि थांबला की रॉड उचलून खाली करताना दोरा गोळा करायचा, हे अंगवळणी पडले पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे फेकल्यावर कडी हँडलने न मिटता हाताने मिटायची आणि दोऱ्याला बोटाने एकदा हलका ताण द्यायचा. हे न केल्यास स्पूलवर एक सैल कडे राहते आणि पुढच्या फेकीला तेच वाऱ्यात गाठ होऊन बाहेर येते. पीळ पडलाच तर आमिष सोडून टाकावे आणि नुसता दोरा वाहत्या पाण्यात सोडून पाच मिनिटे ताणलेला ठेवावा. माहुलीला संगमाखाली थोडा प्रवाह असतो. तेथे मी हे अनेकदा केले आहे आणि दोरा पुन्हा सरळ झाला आहे.

दोऱ्याबद्दल थोडे लिहितो, कारण चांगल्या रिळावर जाडजूड तंगूस भरून मग रिळाला नावे ठेवणारे बरेच भेटतात. मी ०.८ क्रमांकाचा विणलेला पीई दोरा वापरतो; त्याची जाडी ०.१४८ मिलिमीटर असते. हा दोरा ताणला जात नाही, म्हणून आमिष दगडाला घासले की चिखलाला टेकले हे बोटाला कळते. त्याच्या पुढे दीड-दोन मीटर फ्लुरोकार्बन जोडतो, कारण विणलेला दोरा पाण्यावर तरंगतो आणि माशाला दिसतो, तर फ्लुरोकार्बन नायलॉनपेक्षा जड असल्याने बुडतो आणि पाण्यात कमी उठून दिसतो. २५०० आकाराचे स्पूल एवढ्या बारीक दोऱ्याने भरत नाही. म्हणून खाली आधी नायलॉनचे तंगूस गुंडाळावे, त्याने विणलेला दोरा गुळगुळीत स्पूलवर घसरतही नाही. वरची कड दोन-तीन मिलिमीटर मोकळी ठेवावी. काठोकाठ भरल्यास वेटोळी एकदम सुटतात, फार कमी भरल्यास फेक आखूड होते.

मग बेटकास्टर घ्यायचेच नाही का? घ्यावे, पण मरळीसाठी. गवताने भरलेल्या कडेला रबरी बेडूक टाकायचा असेल, मासा लागताच त्याला गवतासकट ओढून बाहेर काढायचा असेल, तर आडवे स्पूल, ताठ रॉड आणि जाड विणलेला दोरा यांच्याइतके भरवशाचे काही नाही. वजन दहा-बारा ग्रॅमच्या पुढे गेले, की त्याच रिळाचा स्वभाव बदलतो. अंगठा स्पूलवर असल्यामुळे आमिष हवेत असतानाच त्याला आवरता येते आणि परातीएवढ्या मोकळ्या जागेत ते आवाज न करता उतरवता येते. इतकी अचूकता स्पिनिंगवर तर्जनीने दोरा दाबून मला अजून साधलेली नाही. ज्या जोडीवर मी पहिला उन्हाळा घालवला, तीच जोडी पुढे पावसाळ्यानंतर बेडकासाठी वापरली तेव्हा एकदाही गुंता झाला नाही.

या दोहोंच्या मधली एक वाट जपानी लोकांनी काढली आहे. तिला बीएफएस म्हणतात, म्हणजे हलक्या आमिषासाठी बनवलेले बेटकास्टर. कराडच्या एका मित्राकडे शिमानोचे २०२१ साली आलेले क्युराडो बीएफएस आहे आणि ते त्याने मला तीन आठवडे वापरायला दिले. त्यातले स्पूल उथळ आणि अतिशय हलके असते, त्यावर दोरा थोडाच मावतो आणि ब्रेक चुंबकाचा असतो. तीन ग्रॅमचे आमिष त्यावर खरोखर जाते, आणि झाडाच्या फांदीखाली नेमके टाकताना अंगठ्याचे सुख मिळते. तरी समोरून वारा असेल तर त्याची फेक स्पिनिंगपेक्षा आखूडच पडली, दोन ग्रॅमच्या खाली ते मला कष्टाचे वाटले, आणि आमिष उभे बुडवण्यासाठी स्पूलवरून हाताने दोरा काढून द्यावा लागला. शिवाय त्याला रॉडही त्याच जातीचा लागतो. जाड रॉडवर हे रीळ बसवून उपयोग नाही. अशा एका रिळाच्या किमतीत साधे स्पिनिंग रीळ, रॉड आणि दोरा असे सारे येते. ज्याच्याकडे आधीच स्पिनिंगची जोडी आहे आणि अंगठ्याची सवय पक्की आहे, त्याने ते जरूर घ्यावे. पहिली खरेदी म्हणून मी ते कोणालाही सुचवणार नाही.

निगा राखण्याच्या बाबतीत दोन्ही रिळे सारखीच आहेत. उन्हाळ्यातली काठावरची बारीक माती हीच मोठी अडचण असल्याने रीळ वाळूवर टेकवू नये, घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसावे आणि ड्रॅगची चकती सैल करून ठेवावी. आपल्याकडच्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा काठावर जाण्यापूर्वी ठेकेदार संस्थेची परवानगी घ्यावी. मला आजवर विचारल्यावर कोणी नाही म्हटलेले नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत बारा वर्षांचा भाचा आला होता. बेटकास्टर त्याने दोनदा फेकले आणि "मामा, ह्याचा दोरा सारखा फुगतोय" म्हणून ठेवून दिले. स्पिनिंगवर तो तासाभरात बऱ्यापैकी टाकू लागला आणि दुसऱ्या दिवशी त्याने दोन चिलाप्या काढल्या. त्याच्यासाठी रॉड आणायला आम्ही दोघे दुकानात गेलो तेव्हा विक्रेत्याने तीन-चार रॉड पुढे ठेवले आणि रंग दाखवायला सुरुवात केली. भाच्याने एकेक रॉड उलटा करून मुठीच्या वरचे आकडे वाचले आणि १.७५ ते ७ ग्रॅम असे लिहिलेला रॉड बाजूला काढला.